बाबांच्या जीपला इलेक्ट्रिक चोक: आषाढ ते पौष

बाबा ७४ वर्षांचे. अजून रोज पहाटे दुधाचे कॅन जीपमध्ये घालून जांबोटीकडून खानापूरला स्वतःच नेतात. दोन वर्षांपासून उजव्या हाताच्या बोटांत जोर राहिला नाही, चोकची दांडी ओढताना त्रास व्हायचा. चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप (फ्लॅप). थंड इंजिन सुरू करताना ती मिटवून हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यायचं, इंजिन तापल्यावर उघडायची. एकदा ओढली की आत ढकलायची राहायची. मग काळा धूर, काजळलेले प्लग, ऑइलला पेट्रोलचा वास. सिलिंडरवरचं ऑइल पेट्रोलनं धुऊन निघालं तर पिस्टनच्या रिंगा किती दिवस टिकणार? म्हणून चोक आपोआप उघडणारं हे इलेक्ट्रिक किट मागवलं.

जीप महिंद्राची सीजे-३बी, पेट्रोल, २.२ लिटर. हिच्या इंजिनात इनटेक वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच, आणि म्हणून बॉनेटही उंच. मूळचा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) झिजल्यावर आम्ही बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर जोडणीची ॲडॉप्टर प्लेट करून घेतली आणि वेबर ३२/३६ हा दुसरा कार्बोरेटर बसवला. तो डीजीव्ही, म्हणजे हातानं ओढायच्या चोकचा. किटमध्ये त्या ओढायच्या चोकच्या जागी बसणारं गोल घर मिळतं. आत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी असते. करंट गेला की ती तापते, उलगडते आणि फ्लॅप हळूहळू उघडतो. बसवायला अर्धा दिवस लागला. माल चांगला आहे, स्क्रू नीट बसले, पण सोबतच्या कागदावरून काही समजत नाही.

खरी अडचण करंट कुठून घ्यायचा, ही. पहिल्या मिस्त्रीनं तो इग्निशन कॉइलवरून घेतला. आमच्या कॉइलच्या आधी रेझिस्टर आहे, तिथं पूर्ण १२ व्होल्ट येतच नाहीत. चोक उघडायला उशीर, वर ठिणगीही अशक्त. आठ दिवस गाडी धूर ओकत होती. शेवटी बेळगावातल्या ओळखीच्या वायरिंगवाल्याकडं नेली. बॉनेट उघडताच त्यांनी विचारलं, "सर, करंट कुठनं घेतलासा?"

त्यांनी चावीच्या स्विचवरून वेगळी वायर टाकली, फ्यूज लावला, कार्बोरेटरच्या बॉडीला स्वतंत्र अर्थिंगची वायर दिली. कारण बुडाचं गॅस्केट आणि प्लेट यांमुळं अर्थिंग कच्चं मिळत होतं. मग मी त्यांना बाबांची सवय सांगितली: चावी फिरवायची, उतरून गोठ्याचं फाटक लावायचं, मग स्टार्टर मारायचा. तेवढ्यात गुंडाळी तापून चोक उघडतो आणि इंजिन मात्र थंडच. त्यावर त्यांनी रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवला. इंजिन फिरून अल्टरनेटर बॅटरी चार्ज करायला लागला तरच चोकला करंट. इंजिन बंद असताना चावी फिरवलेली राहिली तरी चोक उघडत नाही. माझ्या मते किटपेक्षा हा रिले मोलाचा. मजुरी ८०० रुपये घेतली, मला ती कमीच वाटली.

सेटिंग थंड इंजिनवर सकाळीच करायचं. कव्हरचे तीन स्क्रू सैल करून, फ्लॅप नुसता मिटेल इथपर्यंतच कव्हर फिरवायचं. मी आधी फार आवळलं होतं. आपल्याकडच्या थंडीला तेवढं लागत नाही.

बाबांना दोन गोष्टी शिकवाव्या लागल्या. स्टार्टरआधी ॲक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडायचा, तरच फ्लॅप मिटतो. आणि सुरू झाल्यावर इंजिन जोरात फिरतं, ते गरम झाल्यावर पाय हलकेच मारला की खाली येतं. पहिल्या दिवशी आवाज ऐकून म्हणाले, "आरं, ही बोंबलायला का लागली?" आता स्वतःच सांगतात, पाय मार की.

पावसाळा गेला, पौषातली थंडीही सरत आली. गाडी रोज पहिल्या-दुसऱ्या स्टार्टरला उठते, प्लगांचा रंग तांबूस आहे. मी ५ पैकी ४ देईन. एक गुण त्या कागदासाठी कापला.

डॅशबोर्डवरची जुनी दांडी बाबांनी काढू दिली नाही, ती तशीच आहे, पण आता चोकला जोडलेली नाही. वाटेत वायर तुटली तर चोक मिटलेलाच राहील. तेव्हा तीन स्क्रू सैल करून कव्हर उलटं फिरवायचं, फ्लॅप उभा राहतो. त्यासाठीचा स्क्रूड्रायव्हर सीटखाली बांधून ठेवलाय, आणि बाबांकडून दोनदा करून घेतलंय.