चेन होइस्टची देखभाल: घरचा फिटर, बाहेरचा मेकॅनिक की कंपनीचा करार?

भोसरी, चाकण किंवा सातपूरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये आय-बीमला टांगलेला एक-दोन टनी इलेक्ट्रिक चेन होइस्ट, म्हणजे साखळीने वजन उचलणारं यंत्र, आता सर्रास दिसतो. तो घेताना भाव, वेग, उंची यांची चौकशी होते. तो सांभाळायचा कोणी, हे मात्र पहिल्यांदा बंद पडल्यावर ठरतं आणि तेव्हा जॉब मध्येच अडकलेला असतो. पर्याय तीन आहेत: आपलाच फिटर-वायरमन, एमआयडीसीत फिरणारा बाहेरचा मेकॅनिक किंवा उत्पादकाच्या अधिकृत सर्व्हिसचा वार्षिक करार.

माझ्या मते यातला एकच धरून बसू नये, कामं वाटून द्यावीत. वाटणी करताना एकच विचारायचं: हा भाग निकामी झाला तर वजन खाली येईल का? हूक, चेन, लोड व्हील (चेन ओढणारं खाचांचं चाक), क्लच, गिअर आणि ब्रेक यांचं उत्तर 'हो' आहे. त्यांना त्याच मॉडेलचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाशिवाय कोणी हात लावू नये. पेंडंट (लोंबता बटणांचा डबा), केबल, काँटॅक्टर (मोटरची वीज चालू-बंद करणारा स्विच), बीमवर फिरणाऱ्या ट्रॉलीची चाकं ही कामं चांगला वायरमन किंवा फिटर करू शकतो.

रोजची तपासणी घरचीच

करारातला माणूस तीन महिन्यांनी येतो, होइस्ट मात्र रोज चालतो. त्यामुळे शिफ्टच्या सुरुवातीची पाच मिनिटं आपल्याच माणसाची. रिकामा हूक वर-खाली करून बघायचा. बटण सोडल्यावर तो जागेवर थांबतो की सरकतो? हुकाचा खटका स्वतःहून मिटतो का? चेनला पीळ बसलाय का? चेनचे दोन पदर असलेल्या होइस्टमध्ये खालचा हूक-ब्लॉक चेनमधून उलटा फिरला की पीळ पडतो आणि कडी लोड व्हीलच्या खाचेत नीट बसत नाही. वरचा लिमिट स्विच (हूक टोकाला पोहोचला की मोटर थांबवणारा) असेल तर हूक हळू वर नेऊन तो वीज तोडतो का, तेही पाहावं. लिमिट स्विच अडचणीच्या वेळेसाठी असतो. रोज त्याच्यावरच हूक थांबवायची सवय लागली की ऐनवेळी तो दगा देतो.

यातली एक गोष्ट फार कमी ठिकाणी पाहिली जाते. पॅनलमध्ये किंवा महावितरणच्या लाइनवर काम झालं आणि फेज उलटे लागले, तर वर नेण्याचं बटण दाबल्यावर हूक खाली जातो. मग कोणीतरी पेंडंटमधल्या दोन वायरी अदलाबदल करून मोकळा होतो. बटणं बरोबर चालतात, पण लिमिट स्विच आता चुकीच्या दिशेचा काँटॅक्टर तोडतो. हूक वर आदळेपर्यंत मोटर थांबत नाही. दुरुस्ती करायची ती येणाऱ्या सप्लायचे दोन फेज बदलून. पेंडंट उघडायचाच नाही.

चेनला तेल देणंही घरचं काम. चेन पुसून स्वच्छ करायची आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेल दोन कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथपर्यंत पोहोचवायचं. वरून थापलेल्या ग्रीसला कास्टिंगची धूळ आणि ग्राइंडिंगचा चुरा चिकटतो आणि झीज उलट वाढते. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल तर नकोच.

चेनचं माप घरी घ्या. चेन बदलायचं काम मात्र प्रशिक्षित माणसाला द्या. माप व्हर्नियरने अकरा कड्यांवर घेतात. ७ × २१ मिमी (कडीची जाडी ७, पिच म्हणजे एका कडीची आतली लांबी २१) चेनच्या ११ कड्या नव्या असताना २३१ मिमी भरतात. बऱ्याच उत्पादकांची मर्यादा २ टक्के वाढीची असते, म्हणजे सुमारे ४.६ मिमी. कडीची जाडी १० टक्क्यांनी घटली तरी चेन बाद. आपल्या मॉडेलचा आकडा याहून कडक असेल तर तोच पाळायचा. माप टोकाला घेऊन उपयोग नाही. वजन जमिनीवरून सुटतं त्या वेळी लोड व्हीलवर असलेल्या कड्या सर्वांत जास्त झिजतात, माप तिथलं घ्या.

बाहेरचा मेकॅनिक

हा फोन केला की त्याच दिवशी येतो आणि पैसे कमी घेतो. चिकटलेला काँटॅक्टर, तुटलेली पेंडंट केबल, सिंगल फेजिंगने (तीनपैकी एक फेज गेल्याने) जळलेली मोटर यांसाठी त्याला जरूर बोलवा. पण तीन गोष्टींना त्याला स्पष्ट नकार द्या: तुटलेली कडी वेल्डिंग मारून किंवा बोल्टने जोडणं, हार्डवेअरच्या दुकानातली चेन बसवणं आणि क्लच आवळणं. होइस्टची चेन कडक केलेल्या पोलादाची आणि नेमक्या पिचची असते. बाजारातली चेन मापाने जवळपास वाटली तरी खाचेत उड्या मारते.

क्लचचं प्रकरण जास्त धोक्याचं आहे. क्षमतेपेक्षा जास्त वजन आलं की घसरायचं, हे त्याचं काम. वजन उचलत नाही अशी तक्रार आली की नट आवळून टाकायचा, हा झटपट उपाय. व्होल्टेज कमी असेल, क्लचची झीज झाली असेल किंवा वजनच जास्त असेल, ते कोणी बघत नाही. मग दोन टनी होइस्ट तीन टन ओढू लागतो आणि तो बोजा बीमवर, ट्रॉलीवर, हुकावर पडतो.

अधिकृत सर्व्हिस

महाग पडते, कधी माणसाची वाटही पाहावी लागते. तरी ब्रेकसाठी मी दुसरा पर्याय सुचवणार नाही. या ब्रेकमध्ये स्प्रिंग धरून ठेवते आणि वीज आली की कॉइल ब्रेक सोडते. लायनर झिजत गेला की कॉइल आणि ती ओढते त्या चकतीमधली फट वाढते. एका मर्यादेपलीकडे कॉइलला ब्रेक पुरता ओढता येत नाही, लायनर घासत राहतो, तापतो. ती फट फीलर गेजने मोजून मॉडेलच्या आकड्यावर आणावी लागते. भार पेलणारा भाग बदलल्यावर १२५ टक्के वजनाची चाचणीही त्यांच्याकडूनच करून घ्या.

करार करताना सुटे भाग धरले आहेत का, किती तासांत माणूस येईल, हे लेखी घ्या. दर भेटीचा अहवाल मापांसकट मागा. नुसता 'ओके'चा शिक्का घेऊन चेन किती उरली ते कळत नाही. शिवाय हा करार म्हणजे कायद्याची तपासणी नव्हे. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ ने उचलण्याच्या यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून किमान १२ महिन्यांतून एकदा सखोल तपासणी घालून दिली. ती वेगळी करून घ्यायची.

काम कोणीही करो, वजन आधी जमिनीवर उतरवायचं. मग मेन स्विच बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. वजन लटकत असताना ब्रेकचं झाकण उघडायचं नाही, मालक समोर उभा राहून घाई करत असला तरीही.

दुरुस्ती की नवा?

होइस्टच्या पाटीवरचा वर्ग बघा, म्हणजे तो किती कामासाठी बनवलाय ते. एफईएम ९.७५५ या युरोपीय नियमावलीप्रमाणे १एएम, म्हणजे एम४ वर्गाच्या होइस्टचं आयुष्य पूर्ण भाराचे ८०० तास धरतात, २एम म्हणजे एम५ चे १६००. मिनिटाला ४ मीटर वेग, ३ मीटर वर आणि ३ मीटर खाली, दिवसाला ४० फेऱ्या: रोजचा एक तास, ३०० दिवसांचे ३०० तास. दर वेळी पूर्ण वजन असेल तर एम४ चे ८०० तास तीन वर्षांच्या आत संपतात. वजन निम्मं असेल तर झीज घनाच्या प्रमाणात घटते, म्हणजे आठवा हिस्सा, आणि तोच होइस्ट वीस वर्षांपलीकडे जातो. म्हणून नवा घेताना वर्ग किंवा क्षमता एक पायरी वरची घ्या, असं मी आवर्जून सांगेन. तास संपले की उत्पादकाकडून पूर्ण ओव्हरहॉल लागतो. त्याचं कोटेशन नव्याच्या किमतीशेजारी ठेवून निर्णय घ्या.

पाटी नसलेला, जुन्या बाजारातून आलेला होइस्ट असेल तर त्याच्यावर खर्चच करू नका. क्षमता माहीत नाही, भागांचे नंबर माहीत नाहीत, त्यामुळे तिघांपैकी कोणीही तो खात्रीने दुरुस्त करू शकत नाही. भंगारात देताना त्याची चेन आणि हूक कापून द्या, म्हणजे तो दुसऱ्या शेडमध्ये पुन्हा टांगला जाणार नाही.