तुटलेली पोलादी फ्रेम आणि निरनिराळ्या सायकलींचे सुटे भाग: अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी माउंटन बाइक 1990च्या दशकातील असून तिची फ्रेम क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाची आहे आणि चाके 26 इंची आहेत. मागच्या वर्षी पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एका चढावर मी मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर गिअर टाकला आणि मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) थेट चाकाच्या आऱ्यांत शिरला. आधीच्या एका पडण्यात हँगर (डिरेलर ज्याला अडकवतात तो पत्र्याचा कान) आतल्या बाजूला वाकला होता आणि तो वेळीच सरळ करून घेतला नव्हता, हे त्याचे कारण. जुन्या पोलादी फ्रेमला बदलता येणारा सुटा हँगर नसतो. तो उजव्या ड्रॉपआउटचाच (मागचे चाक ज्याच्या खाचेत बसते त्या पत्र्याचाच) भाग असतो. त्यामुळे हँगर पिळवटून तुटताना ड्रॉपआउटचा निम्मा पत्राही सोबत घेऊन गेला. सायकल दगडांवरून खाली घसरली, त्यात फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) आणि सीट पोस्टही (सीट धरणारी नळी) वाकले.

दोन दुकानांत फ्रेम टाकून द्या असे सांगण्यात आले. फ्रेम ॲल्युमिनियमची असती तर मीही तेच केले असते, कारण सायकलींना सर्रास वापरले जाणारे 6061 मिश्रधातू वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळ मऊ पडते आणि संपूर्ण फ्रेमवर पुन्हा उष्णतेची प्रक्रिया केल्याशिवाय ती ताकद परत येत नाही. ही सोय गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानात नसते. पोलादाचे तसे नाही. पितळ साधारण 900 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, पोलाद त्याच्या कितीतरी वर. त्यामुळे नळी न वितळवता पितळेची झाळ देऊन तुकडा बसवता येतो.

भंगारातून 400 रुपयांना दुसऱ्याच कंपनीची एक पोलादी फ्रेम मिळाली. तिच्या नळ्या गंजलेल्या होत्या, पण उजवा ड्रॉपआउट धड होता. तो कापून माझ्या फ्रेमला बसवायचे ठरले. त्याचा पत्रा माझ्या जुन्या पत्र्यापेक्षा जवळपास अर्धा मिलिमीटर जाड निघाला, म्हणून चेनस्टे आणि सीटस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या आणि वरच्या नळ्या) यांच्या टोकांतील खाचा कानशीने रुंद कराव्या लागल्या. झाळकाम करणारे काका वयस्क आहेत आणि त्यांनी पूर्वी सायकल रिक्षांच्या फ्रेमा खूप केल्या आहेत. मी फक्त फ्रेम घेऊन गेलो तेव्हा त्यांनी काम हातात घेतले नाही. ‘‘चाकाचं माप आणा, दादा. नुसत्या फ्रेमवर डाख लावला तर चाक तिरकं बसेल, मग मला बोलू नका.’’

मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी 135 मिमी होती. त्यांनी 10 मिमीची आटे पाडलेली सळई घेतली, नट आणि वायसर लावून दोन्ही ड्रॉपआउट बरोबर 135 मिमीवर पकडले आणि तसेच धरून झाळ दिली. थंड झाल्यावर आम्ही दोऱ्याने तपासणी केली. हेड ट्यूबला (हँडलखालच्या पुढच्या नळीला) दोरा वळसा घालून दोन्ही टोके मागे दोन्ही ड्रॉपआउटपर्यंत ताणायची आणि सीट ट्यूबपासून (सीटखालच्या उभ्या नळीपासून) दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोजायचे. डावीकडे 31 आणि उजवीकडे 29 मिमी आले. पोलाद थंड असतानाच लांब दांड्याने हळूहळू दाब देऊन त्यांनी तो फरक काढला; तिसऱ्या प्रयत्नात दोन्हीकडे 30 मिमी झाले. या दोऱ्याच्या तपासणीला अर्धा तास लागला. गेल्या अकरा महिन्यांत सायकल हात सोडूनही सरळ चालते, याचे श्रेय मी झाळेइतकेच त्या अर्ध्या तासाला देतो.

हँगरच्या बाबतीत मात्र पहिले दोन महिने त्रास झाला. फ्रेम सरळ होती, तरी खालचे तीन गिअर उड्या मारत. शेवटी एक जुनी युक्ती उपयोगी पडली: हँगरचे आटे 10 मिमी व्यासाचे आणि 1 मिमी पिचचे (दोन आट्यांमधील अंतराचे) असतात, आणि बहुतेक मागच्या हबच्या भरीव ॲक्सलचे (चाकाच्या आसाचे) आटेही तेच. त्यामुळे दुसऱ्या सायकलचे मागचे चाक थेट हँगरमध्ये पिळून बसवता येते. तसे केल्यावर दोन चाके शेजारी शेजारी उभी राहिली आणि त्यांच्यातील अंतर वरच्या बाजूला खालच्यापेक्षा 9 मिमी जास्त भरले. बाहेरचे चाक हाताने धरून हँगर अलगद वाकवला, सगळीकडे अंतर सारखे केले आणि त्या दिवसापासून गिअरची तक्रार संपली. डिरेलर शिमानोचा 9 स्पीडचा (मागे 9 चकत्यांसाठीचा) आहे आणि शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलण्याचे खटके) 8 स्पीडचे. शिमानोच्या त्या पिढीतील भाग एकमेकांशी जुळतात, कारण डिरेलरला तार किती ओढायची हे शिफ्टर ठरवतो. 10 स्पीडच्या माउंटन बाइक डिरेलरचे गणित वेगळे आहे, तो येथे चालणार नाही. चेन 8 स्पीडचीच घेतली.

सीट पोस्टचे प्रकरण लहान वाटले, पण सगळ्यांत जास्त आवाज त्यानेच केला. फ्रेमला 26.8 मिमीचा पोस्ट लागतो. तो मिळाला नाही म्हणून 25.4 मिमीचा घेऊन ॲल्युमिनियमच्या पत्र्याची शिम (फट भरणारी पट्टी) गुंडाळली. व्यासातला फरक 1.4 मिमी असला तरी पत्रा 0.7 मिमीचाच लागतो, कारण तो दोन्ही बाजूंना येतो. मी प्रथम 1.4 मिमीचा कापून आणला होता. शिमची लांबी 100 मिमी ठेवली, म्हणजे पोस्टचा भार फ्रेमच्या एकाच कडेवर येत नाही. पावसाळ्यात पाणी आत गेले की ती कुरकुरते. दर महिन्याला पोस्ट काढून, पुसून ग्रीस लावतो. हे केले नाही तर ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना धरून बसतात आणि पोस्ट कायमचा अडकतो.

बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या आसाचे बेअरिंग), ब्रेक आणि रिम जुनेच राहिले, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

फोर्कच्या निवडीबद्दल मात्र मी समाधानी नाही. जुना फोर्क साधा, सस्पेन्शन नसलेला होता. त्या जागी वापरलेला 80 मिमीचा सस्पेन्शन फोर्क 3,200 रुपयांना घेतला. त्याचा स्टीअरर (हेड ट्यूबमध्ये जाणारी फोर्कची नळी) 28.6 मिमीचा, क्राउन रेसची (खालच्या बेअरिंगच्या कड्याची) बैठक 30 मिमीची, दोन्ही मापे माझ्या फ्रेमला जुळणारी. आटे नसलेला हेडसेट (हँडल फिरवणारी बेअरिंग) आणि स्टेम (हँडल धरणारा भाग) बदलून तो बसलासुद्धा. परंतु ॲक्सलपासून क्राउनपर्यंतची (फोर्कच्या माथ्यापर्यंतची) लांबी जुन्या फोर्कपेक्षा 45 मिमीने जास्त आहे. दर 20 मिमीला पुढचा कोन (हेड ट्यूबचा कल) साधारण एका अंशाने कलतो, म्हणजे माझी सायकल दोन अंशांहून जास्त कलली. उतारावर ती शांत वाटते. सिंहगडाच्या घाटातल्या शेवटच्या चढावर मात्र पुढचे चाक इकडेतिकडे भरकटते आणि खांदे दुखेपर्यंत हँडलवर वाकून बसावे लागते. शिवाय लांब फोर्कमुळे हेड ट्यूबच्या सांध्यावर जास्त ताण येतो, म्हणून तिथे खालच्या बाजूला दर आठवड्याला बोट फिरवून चीर पडली आहे का ते पाहतो. व्यास जुळला म्हणजे भाग जुळला असे मी धरून चाललो, आणि लांबी मोजलीच नाही.

झाळेचा सांधा अकरा महिन्यांत सुमारे 2,600 किलोमीटर चालला. त्यात बोपदेव घाट अनेकदा आणि टेकड्यांवरचा मुरूम जवळपास दर शनिवारी. तडा नाही, हालचाल नाही. एक चूक मात्र जुलैत लक्षात आली. झाळ देताना वापरलेला फ्लक्स (पितळ नीट धरावे म्हणून लावायचा पदार्थ) काचेसारखा थर होऊन सांध्याच्या आतल्या कोपऱ्यात राहिला होता, त्यावरच रंग मारला गेला आणि पावसाच्या पाण्याने तिथे रंगाखाली तांबूस फोड आले. रंग खरवडून, सांधा उकळत्या पाण्याने वारंवार धुऊन, तारेच्या ब्रशने घासून, पूर्ण वाळवून मग प्रायमर लावला. फ्लक्स गरम पाण्यात विरघळतो. पहिल्याच दिवशी अर्धा तास दिला असता तर हे टळले असते. आपण काम करून घेणार असाल तर रंग मारण्याआधी सांधा स्वतः धुवा आणि पितळेची सलग पिवळी कड सर्व बाजूंनी दिसते का, हे उजेडात पाहा.

सगळा खर्च 6,850 रुपये झाला, त्यात झाळेचे 1,200. जुना फोर्क सरळ होण्यापलीकडे गेला आहे, म्हणून त्याच लांबीचा साधा फोर्क शोधत आहे. एक सापडला आहे. या वेळी स्टीअररचा व्यास आणि ॲक्सलपासून क्राउनपर्यंतची लांबी, दोन्ही मोजून घेतली आहेत. दसऱ्यानंतर तो बसवेन.