डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप, काही महिन्यांच्या वापरानंतर: उकळणं कमी, घासणं आणि वाळवणं जास्त

हा अनुभव क्लोज्ड सिस्टिमच्या (म्हणजे दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा असलेल्या) डबल इलेक्ट्रिक पंपाचा आहे. रोज चार-पाच वेळा, अनेक महिने वापरलेल्या पंपाचा. मोटर आजही पहिल्या दिवसासारखी चालते. बदलावं लागलं ते सगळं सिलिकॉनचं, बोटाच्या पेराएवढं सामान. पंप चांगला की वाईट हे मोटरपेक्षा या छोट्या भागांवर ठरतं, आणि त्यांचं आयुष्य धुण्याच्या पद्धतीवर. बाळाच्या पोटात काय जातं, तेही तिथंच ठरतं.

आधी भाग नीट ओळखून घ्या. स्तनावर बसतो तो फ्लँज. त्याला जोडलेला कनेक्टर. कनेक्टरच्या खाली, बाटलीच्या तोंडाशी लोंबणारा चोचीसारखा डकबिल व्हॉल्व्ह (काही मॉडेलांत त्याऐवजी कडक झडप आणि तिच्यावर पातळ पांढरा पडदा असतो). वरच्या बाजूला बॅकफ्लो प्रोटेक्टर, म्हणजे दूध आणि मोटर यांच्यामधला सिलिकॉनचा पडदा. मग नळी आणि मोटर. यांतले फ्लँज, कनेक्टर, व्हॉल्व्ह आणि बाटली यांना दूध लागतंच. पडद्याच्या दुधाकडच्या बाजूलाही लागतं. नळी आणि मोटर यांना दूध लागू नये, त्यासाठीच तो पडदा आहे.

धुण्याचा क्रम असा ठेवा. हात साबणाने किमान 20 सेकंद धुवा. सगळे भाग सुटे करा, व्हॉल्व्हसुद्धा ओढून काढा. दूध लागलेला प्रत्येक भाग आधी गार वाहत्या पाण्याखाली धरा. थेट कडक पाणी घातलं तर दुधातली प्रथिनं गोठून चिकटतात, आणि दुधाचं पातेलं घासताना जो त्रास होतो तोच इथे बारीक खाचांत होतो. गार पाण्याने प्रथिनं निघाली की मग गरम साबणपाणी, कारण स्निग्धांश गार पाण्याने सुटत नाही. दोन लिटर गरम पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे सात-आठ थेंब पुरतात. जास्त घातलं तर फेस निघता निघत नाही.

हे पाणी सिंकमध्ये साठवू नका. पंपासाठी वेगळं छोटं टब किंवा स्टीलचं तसराळं ठेवा आणि ब्रशही वेगळा ठेवा. भांडी घासायला मावशी येत असतील तर पंपाचे भाग त्यांच्या ढिगात जाणार नाहीत हे बघा. त्या घासणीला तेल, हळद, खरकटं सगळं लागलेलं असतं, तारेच्या घासणीने प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत दूध बसतं. टब आणि ब्रशही दोन-तीन दिवसांनी गरम साबणपाण्याने धुवून, खळखळ विसळून कोरडे करा. हे काम सगळ्यांत जास्त राहून जातं.

भिजवणं म्हणजे धुणं नव्हे, हे फार गांभीर्याने सांगावंसं वाटतं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात गर्भारपणाच्या 29 आठवड्यांनी अकाली जन्मलेल्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर साकाझाकी या जंतूचा गंभीर संसर्ग झाला. तोच जंतू पंपाच्या भागांवर, काढलेल्या दुधात आणि स्वयंपाकघरातल्या सिंकच्या निचऱ्यात सापडला. त्या घरी पंपाचे भाग काही तास साबणाच्या पाण्यात भिजत ठेवून नंतर नुसते विसळले जात होते. घासले जात नव्हते. त्यानंतर 2017 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने पंप स्वच्छ करण्याच्या सविस्तर सूचना काढल्या. कोमट साबणपाण्यात दुधाचा अंश तासन्‌तास राहिला तर जंतूंना वाढायला सगळं मिळतं. म्हणून दूध काढलं की लगेच धुवा. पाच मिनिटांचंच काम आहे.

व्हॉल्व्हला मात्र ब्रश लावू नका. चोचीतली चीर केसाएवढी असते. ब्रशची तार आत गेली की ती फाटते आणि दुसऱ्या दिवसापासून दूध कमी येतंय असं वाटायला लागतं. चोचीत साबणपाणी भरा, दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकं दाबत पाणी चिरेतून बाहेर काढा, असं चार-पाच वेळा करा. मग वाहत्या पाण्याखाली तेच. पातळ पडदा असेल तर तो दोन बोटांत धरून चोळा, नख लावू नका.

आता उकळणं. प्रत्येक वेळी उकळायची गरज नाही. बाळ दोन महिन्यांच्या आतलं, अपुऱ्या दिवसांचं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं असेल तर रोज एकदा. मोठ्या, निरोगी बाळासाठी दर वेळी नीट घासून वाळवलेल्या भागांना रोज उकळावंच असं नाही. उकळताना भाग पूर्ण बुडतील इतकं पाणी घ्या, खळखळ उकळी आल्यावर 5 मिनिटं मोजा आणि स्वच्छ चिमट्याने काढा. पातेल्याच्या तळाला स्टीलची जाळी ठेवा, कारण तळाला टेकलेलं प्लॅस्टिक मऊ होऊन वाकतं. फ्लँजचा कनेक्टरकडचा काठ जरा जरी वाकला तर हवा गळते. दूध उकळायचं किंवा डाळीचं पातेलं यासाठी वापरू नका. तळाला चिकटलेल्या हळदीने सिलिकॉन पिवळं पडतं, आणि तो रंग जात नाही. जखमांना लावायचं जंतुनाशक द्रव तर अजिबात नको. त्याचा वास सिलिकॉनमध्ये मुरतो.

माझ्या मते खरी अडचण वाळवण्याची आहे. उकळून काढलेले भाग ओले असतानाच झाकणाच्या डब्यात बंद केले, तर उकळण्याचा फायदा संपला. स्वच्छ, न वापरलेल्या सुती पंच्यावर किंवा पेपर टॉवेलवर भाग पालथे ठेवा, हवा खेळती राहू द्या, फडक्याने पुसू नका. पुसताना फडक्यावरचे जंतू परत येतात. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात भाग लवकर वाळत नाहीत. डकबिलच्या आतला थेंब तर सकाळपर्यंत तसाच असतो. त्यावर उपाय दोन: व्हॉल्व्ह झटकून उभा ठेवणं, आणि भागांचे किमान दोन संच ठेवणं. एक वाळतोय तोवर दुसरा वापरायचा. दुसरा संच ही चैन नव्हे, ती या हवामानाची गरज आहे.

एरवी नळी धुऊ नका, उकळू तर नकाच. आत बाष्पाचे थेंब दिसले तर किटपासून (फ्लँज-कनेक्टरच्या जोडणीपासून) नळी सोडवून पंप दोन ते पाच मिनिटं रिकामा चालवा, ओल निघून जाते. आत दूध गेलं असेल तर नळी काढून गरम साबणपाणी आत फिरवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि उभी टांगून पूर्ण वाळवा. काळे ठिपके दिसले तर फेकून द्या. ती बुरशी आहे, तिला साफ करत बसू नका. क्लोज्ड सिस्टिम असूनही दूध नळीत जातं ते दोन कारणांनी: पडदा नीट दाबून बसवलेला नसतो, किंवा बाटली काठोकाठ भरून आडवी होते. ओला फ्लँज घाईने जोडला तरी पाणी वर जातं.

खेच कमी झाली की बहुतेक जणी मोटर बिघडली असं समजून दुरुस्तीला देतात. त्याआधी पाच मिनिटं खर्च करा. चार्जिंग पूर्ण आहे ना, ते बघा. मग नळी काढून मोटरच्या तोंडावर अंगठा ठेवा. अंगठा जोरात ओढला गेला तर मोटर ठणठणीत आहे. नळी लावून तिच्या दुसऱ्या टोकाला अंगठा धरा. इथे जोर कमी लागला तर नळीला चीर आहे किंवा ती टोकाला सैल झाली आहे. टोक अर्धा सेंटीमीटर कापून घट्ट बसवलं तरी काम भागतं. नळीही ठीक असेल तर व्हॉल्व्ह उजेडासमोर धरा. चोच न दाबताच चिरेतून उजेड दिसत असेल तर तो व्हॉल्व्ह संपला. शेवटी बॅकफ्लो प्रोटेक्टरचा पडदा ताणून बघा, सुईएवढं भोकही पुरतं. दहापैकी बहुतेक वेळा दोष व्हॉल्व्हचाच निघतो. दिवसातून अनेक वेळा वापर असेल तर व्हॉल्व्ह एक-दोन महिन्यांत आणि पडदा साधारण तीन महिन्यांत बदलायचा, असा हिशेब धरा.

बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर प्लॅस्टिकवर पांढरा थर बसतो आणि वाफेने जंतू मारणाऱ्या स्टेरिलायझरच्या तव्यावर तपकिरी डाग येतात. भागांसाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन 15 ते 30 मिनिटं बुडवा, मग खळखळ धुवा. तव्यावर 200 मिली पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व घालून अर्धा तास ठेवा. उकळायला आणि स्टेरिलायझरला आरओचं पाणी वापरलं तर हा उपद्व्याप बराच टळतो.

साठवलेल्या दुधाला साबणासारखा वास आला म्हणून पंपाला दोष देऊ नका. काहींच्या दुधात लायपेज हे विकर अधिक असतं, ते स्निग्धांश फोडतं. पंपाच्या भागांना आंबूस वास येत असेल तर मात्र धुण्यात कसर आहे. आधी व्हॉल्व्हची बैठक आणि बाटलीचे आटे तपासा.

ऑफिसात धुवायची सोय नसते. नळ असतो, पण तो वॉशरूममधला. अशा वेळी घरून दोन-तीन वाळलेले संच नेणं सर्वांत बरं. ते शक्य नसेल तर वापरलेला संच स्वच्छ पिशवीत घालून फ्रिजमध्ये काही तास ठेवतात, पण ही सोय मोठ्या, निरोगी बाळापुरती. अपुऱ्या दिवसांच्या किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी हे करू नका.

मैत्रिणीचा जुना पंप घेण्याबद्दल बऱ्याच जणी विचारतात. घरगुती पंप एकाच आईसाठी बनवलेला असतो. ओपन सिस्टिमच्या (मधला पडदा नसलेल्या) पंपात दूध किंवा बाष्प मोटरपर्यंत पोचतं, आणि तिथे हात घालून साफ करता येत नाही. नळी बदलली तरी तो प्रश्न सुटत नाही. क्लोज्ड सिस्टिममध्ये धोका कमी, तरी फ्लँजपासून नळीपर्यंत सगळं नवं हवं, आणि उत्पादकाने एकीपुरताच असं सांगितलं असेल तर तेच ऐकावं. इस्पितळातले भाड्याचे पंप वेगळे असतात, ते अनेक आयांसाठीच बनवलेले असतात आणि प्रत्येकीला स्वतःचा किट घ्यावा लागतो. मुंबईच्या सायन इस्पितळात 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. दूध काढणं, साठवणं आणि स्वच्छता यांबद्दल शंका असेल तर अशा पेढ्यांतल्या परिचारिकांना विचारा.

पंप विकत घेण्याआधी त्या मॉडेलचे सुटे व्हॉल्व्ह, पडदे आणि नळी भारतात मिळतात का, हे बघा. मिळत नसतील तर मोटर कितीही ताकदवान असो, तो पंप घेऊ नका. मिळत असतील तर दोन व्हॉल्व्ह आणि एक पडदा पंपाबरोबरच मागवा, कारण व्हॉल्व्ह फाटतो तो रविवारी रात्री, आणि पार्सल यायला चार दिवस लागतात.