राजारामपुरीतील एका व्हिसा सल्ला केंद्राचा अनुभव
अमेरिकेच्या डायव्हर्सिटी व्हिसा लॉटरीचा, म्हणजे सोडतीने तेथे स्थायिक होण्याचा परवाना देणाऱ्या योजनेचा, अर्ज भरून देण्यासाठी या केंद्राने माझ्याकडून ८,००० रुपये घेतले. ६०० बाय ६०० पिक्सेलचा फोटो त्यांनी खरोखरच नेटका काढला, कॉलरची घडीसुद्धा सरळ करून दिली. मात्र माझा जन्म कोठला, हे कोणीही विचारले नाही. ज्या देशातून गेल्या ५ वर्षांत ५०,००० हून अधिक लोक तेथे स्थायिक झाले, त्या देशात जन्मलेले अर्जदार या सोडतीस अपात्र ठरतात, आणि भारत त्यांतच मोडतो. जोडीदाराचा जन्म नेपाळसारख्या पात्र देशातला असेल, तर वाट निघते. माझी पत्नी गडहिंग्लजची, आईवडील कागलचे! पैसे परत मागितल्यावर ‘नशीब आजमावायला काय हरकत आहे’ असे ऐकवून त्यांनी पुढच्या ग्राहकाला आत बोलावले.