लॅबसाठी २४ रोबोटिक्स किट: नमुना एक, माल दुसराच

नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एम्बेडेड सिस्टिम्सच्या (यंत्रात बसवलेल्या छोट्या संगणकांच्या) प्रॅक्टिकलसाठी २४ किट घेतले गेले. विक्रेत्याने डेमोला आणलेला किट उत्तम होता. पण मार्चअखेर तोंडावर, निधी परत जाण्याची धास्ती. त्यामुळे खोकी आली त्याच दिवशी चलनावर ‘माल सुस्थितीत मिळाला’ अशी सही झाली आणि डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंदही पडली. खोकी उघडली ती नवं सत्र सुरू झाल्यावर.

किटमधला बोर्ड एसटी-लिंकला (चिपमध्ये प्रोग्राम टाकायच्या उपकरणाला) जोडला, तर क्यूबआयडीई (चिप बनवणाऱ्या एसटी कंपनीचं प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर) डीबगिंग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधणं, सुरूच करेना. चिप एसटीची असल्याची खात्री पटत नाही, असा एरर. केबल बदलल्या, ड्रायव्हर पुन्हा टाकले. घोळ चिपमध्येच होता. वर एसटीएम३२एफ१०३सी८टी६ छापलेलं, आत दुसऱ्याच कंपनीची नक्कल. हे ओळखायला दोन मिनिटं पुरतात: ओपनओसीडी या मोफत सॉफ्टवेअरने जोडणी केली की आयडी कोड दिसतो. अस्सल एफ१०३ ला १बीए०१४७७ येतो, इथे २बीए०१४७७ आला. (सुरुवातीला १ आला म्हणून चिप अस्सल ठरत नाही, काही नकलाही तोच कोड देतात. एफ१०३ म्हणून विकलेल्या चिपला २ आला, तर मात्र ती एसटीची नाही.) एलईडी लुकलुकवायला नक्कलही चालते, म्हणून वरवरच्या चाचणीत ती सापडत नाही.

मोटरमध्ये तर सरळ हातचलाखी होती. कोटेशनमध्ये ‘एन्कोडरसह गिअर मोटर’. एन्कोडर म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणारा भाग. डेमोत सहा तारांची एन२० मोटर होती, दोन चॅनेलचा चुंबकीय एन्कोडर असलेली. आली पिवळी बीओ मोटर, २० खाचांची चकती आणि एक सेन्सर. कागदावर हाही एन्कोडरच! ६५ मिलिमीटरच्या चाकाचा परीघ सुमारे २०४ मिलिमीटर, म्हणजे दर पल्सला (एक खाच सरकल्यावर मिळणाऱ्या इशाऱ्याला) गाडी जवळपास १ सेंटिमीटर पुढे जाणार. चॅनेल एकच असल्याने चाक पुढे फिरतंय की मागे, तेही कळत नाही. चिपमधल्या टायमरचा एन्कोडर मोड (फिरणं आणि दिशा मोजण्याची सोय) दोन चॅनेलशिवाय शिकवताच येत नाही, आणि किट घेतले होते ते मुख्यतः त्यासाठीच.

मोटरला वीज पुरवणारा ड्रायव्हर टीबी६६१२ ऐवजी एल२९८एन निघाला. त्यात १ अँपिअरला साधारण अडीच व्होल्ट वाया जातात, म्हणजे ७.४ व्होल्टच्या बॅटरीतून मोटरला पाचच्या आसपास उरतात. त्यात १८६५० सेलवर (बॅटरीतल्या लिथियम सेलवर) ‘९८०० एमएएच’ अशी क्षमता छापलेली. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० ते ४००० च्या आसपास संपते, त्यामुळे असा आकडा दिसला की तिथेच थांबावं. अस्सल सेल साधारणपणे ४५ ग्रॅमच्या आसपास किंवा पुढे भरतो. सराफ बाजारातला काटा नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही पुरतो. असल्या सेलवर मोटर सुरू होताच व्होल्टेज कोसळतं, कंट्रोलर रीसेट होतो आणि विद्यार्थी आपल्या कोडमधली चूक शोधत बसतो.

तीन कोटेशनांचीही गंमत होती. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरं पॅन. दोन वेगळ्या नावांच्या कोटेशनांवर पॅन एकच होता, म्हणजे मालक एकच! तुलनात्मक तक्ता करताना ती दहा अक्षरं शेजारी शेजारी लिहिली असती तरी पुरे होतं.

वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम १७ प्रमाणे नमुना दाखवून विकलेला माल दर्जात नमुन्याशी जुळावाच लागतो. पण कलम ४२ म्हणतं, वाजवी मुदतीत माल नाकारल्याचं कळवलं नाही, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. इथे नेमकं तेच आडवं आलं. विक्रेत्याने सही केलेल्या चलनाची प्रत पुढे केली, आणि डेमोचा किट तर तो केव्हाच परत घेऊन गेला होता.

त्यामुळे डेमोचा किट दोघांच्या सहीने सील करून कॉलेजकडेच ठेवावा, त्याचे पैसे लागले तरी चालतील. ऑर्डरमध्ये ‘एन्कोडर’ एवढंच न लिहिता ‘दोन चॅनेल, मोटरच्या शाफ्टवर’ असं लिहावं; चिप, ड्रायव्हर आणि सेल यांचे पूर्ण क्रमांक घालावेत, ‘किंवा समतुल्य’ हे शब्द खोडावेत. चलनावर ‘खोकी मिळाली, तपासणी बाकी’ एवढंच लिहून सही करावी. मग नमुन्यादाखल दोन नव्हे, सगळे २४ बोर्ड जोडून आयडी कोड वाचावेत. दोन माणसांचं ते दुपारभराचं काम आहे. रजिस्टरची नोंद आणि उरलेली रक्कम त्यानंतर.