स्प्रिंगचा जुना सागवानी सोफा: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी महाशिवरात्रीच्या आसपास आम्ही छत्रपती संभाजीनगरातून जुना सागवानी सोफासेट परभणीला आणला. तिघांचा एक सोफा आणि दोन खुर्च्या. एक अख्खा उन्हाळा, पावसाळा, हिवाळा त्याच्यावर काढला, आता दुसरं ऊन तापलंय. घेताना मला नीट सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून जे जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे.

आधी पैशाचं. सेट २६ हजारांना, टेम्पोचे ५ हजार, आणि घरी आल्यावर दुरुस्ती, भराव, कापड यांचे २३ हजार. म्हणजे ५४ हजार. एवढ्यात शोरूमचा नवा सेट आला असता, असं घरातले सगळे म्हणाले. आमचा आधीचा नवा सेट सहा वर्षांत बसकण मारून मोकळा झाला होता. आत प्लायवूड आणि हलकं लाकूड, दुरुस्त करायला काही शिल्लकच नव्हतं. जुन्याचा हिशोब मी तिथून सुरू केला.

विकणाऱ्याने "शंभर वर्षांपूर्वीचा, निजामाच्या काळातला" असं सांगितलं होतं. मराठवाडा हैदराबाद संस्थानातून सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे निजामाचा काळ हे एक वेळ खरं असू शकेल. शंभर वर्षांचं मात्र पटत नाही. या सोफ्याचे हात गोल वळवलेले आहेत आणि पुढच्या कडेला पायऱ्यांसारख्या तीन रेघा आहेत. ही आर्ट डेको नावाच्या शैलीची घडण. १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनानंतर ती जगभर गेली आणि मुंबईत रुजली ती १९३० नंतरच्या इमारतींतून आणि घरांतून. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यातही फर्निचरसारखी वस्तू पुरावशेष ठरायला शंभर वर्षांची अट आहे. तेव्हा असा सोफा 'विंटेज', म्हणजे जुना पण पुरावशेष नव्हे, म्हणूनच घ्यावा आणि भावही त्याच हिशोबाने करावा. आणखी एक खूण सांगते. हाताखालच्या पट्ट्यांना अधिक चिन्हाच्या (+) खाचेचे स्क्रू होते, आणि हे स्क्रू अमेरिकेत निघाले तेच १९३० च्या दशकात. तेवढ्यावरून वस्तू नवी ठरत नाही, कारण दुरुस्तीतही स्क्रू बदलतात. आमच्या सोफ्यात शेजारीच जुन्या स्क्रूची बुजवलेली भोकं होती, म्हणजे सांधा मागे कधीतरी उघडून पुन्हा बसवलेला.

मी जी चूक केली ती कापड बघण्याची. सोफ्यावर मरून रंगाचं नवंकोरं वेलवेट होतं, बटणं टाचलेली. त्याच्यावर हात फिरवला आणि मन तिथेच बसलं. परभणीत आमच्या गल्लीजवळ एक वयस्कर कारागीर आहेत, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांनी सोफा पाहिला, वेलवेटला हातही लावला नाही, दोघांना धरायला लावून सरळ उलटा केला. म्हणाले, "बाजी, कपडा तो मैं बदल दूंगा, लकडी कौन बदलेगा?"

उलटा केल्यावर जे दिसलं ते मी दुकानातच बघायला हवं होतं. खालचं काळं कापड उसवलं तर तागाच्या पट्ट्या लोंबत होत्या, तिघांच्या बैठकीतली मधली पट्टी तुटलेली. एकेका बैठकीला नऊ स्प्रिंगा, सुतळीने एकमेकींना आणि चौकटीला बांधलेल्या. निम्म्या गाठी सुटल्यामुळे स्प्रिंगा तिरक्या झाल्या होत्या. वर गोणपाट, त्यावर काथ्या, त्यावर कापूस. त्या कापसावर कुणीतरी फोमचा पातळ तुकडा टाकून वेलवेट ताणून बसवलं होतं. वेलवेटला स्टेपलच्या पिना, त्याच्याखाली जुन्या चुकांच्या, म्हणजे बारीक खिळ्यांच्या, रांगा, आणि एका कोपऱ्यात चुकेखाली अडकून राहिलेली बोटभर हिरवी चिंधी. मूळ कापडाचा तेवढाच तुकडा उरला होता. तो मी डबीत ठेवलाय.

सांगायची गोष्ट म्हणजे स्प्रिंगा एकही बदलावी लागली नाही. चाचांनी पॉलिश पेपरने गंज काढला, तागाच्या नव्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणून खेचून ठोकल्या, आणि प्रत्येक स्प्रिंग आठ बाजूंनी पुन्हा बांधली. तिघांच्या सोफ्याला अडीच दिवस गेले. काथ्या झोडून, उन्हात घालून परत वापरला, कापूस नवा. फोम फक्त पाठीला, बैठकीला नाही. चौदा महिन्यांत बैठक तसूभर खाली गेलेली नाही. पाहुणा बसला की आधी थोडं दबतं आणि मग खालून आधार मिळतो, हे फोमच्या बैठकीत मला कधी जाणवलं नव्हतं.

सांध्यांबद्दलही लिहायला हवं, कारण आपल्या हवेत इथेच गडबड होते. जुने सांधे कुसवाचे, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले, आणि सरसाने (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनच्या डिंकाने) चिकटवलेले. सरस कोरड्या हवेत वाळून ठिसूळ होतो आणि आपला उन्हाळा म्हणजे चाळीसच्या वरचा. एप्रिलमध्येच एका खुर्चीचा हात हलायला लागला. आधीच्या कुणी तिथे सरसावरच फेविकॉल ओतून वर खिळा मारला होता. जुन्या सरसाच्या थरावर फेविकॉल धरत नाही, आणि खिळ्याने कुसू चिरतं. सुतार मिस्त्रींनी खिळा काढला, गरम पाण्याच्या फडक्याने सरस मऊ करून सांधा उघडला, तासून साफ केला आणि पुन्हा चिकटवून रात्रभर शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) धरून ठेवला. तेव्हापासून हात हललेला नाही. घेताना खुर्चीचे दोन्ही हात धरून तिरकं पिळून बघा. सांधा नुसता सैल असेल तर घाबरू नका. सांध्यात खिळे दिसले तर मात्र भाव पाडून मागा.

दुसरा त्रास पावसाळ्यात. दुसऱ्या खुर्चीच्या मागच्या पायाजवळ फरशीवर पिठासारखी बारीक पूड दिसली. पुसली, दोन दिवसांनी पुन्हा तेवढीच. मी पायाखाली काळा कागद ठेवला आणि सकाळी त्यावर पिवळट चिमूटभर भुसा होता, म्हणजे कीड जिवंत होती. पाय बाहेरून सागाच्या रंगाचा असला तरी आतून दुसरंच हलकं लाकूड निघालं, मागच्या दुरुस्तीत बसवलेलं. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, एकदा माल गेला की आमची जबाबदारी नाही. कीडवाल्याने टाचणीएवढ्या भोकांत सिरिंजने औषध भरलं, वरून मेणाने भोकं बुजवली. मेणाचा फायदा असा की नवं भोक पडलं तर लगेच दिसतं. अजून पडलेलं नाही. पण ती खुर्ची तीन आठवडे ओसरीत वेगळी ठेवावी लागली, आणि हे सगळं दुकानात पाय उलटे करून टॉर्च मारला असता तर टळलं असतं. टॉर्च आहेच तर पाठीच्या कडेच्या गोटाच्या (पायपिंगच्या) शिवणीतही मारा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत असं समजून तिथूनच परत फिरा.

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, पहिल्या दिवशी बसले आणि उठताना त्यांना हात द्यावा लागला. "कामून आणलंस गं हे? ह्याच्यातून माणूस उठंल का?" बैठक जमिनीपासून १४ इंच होती, आणि त्यांच्या गुडघ्यांना किमान १७ लागते. पायांखाली सागाचे तीन इंचांचे ठोकळे, पायाच्याच आकारात घासून पॉलिश केलेले, असं करून घेतलं. आता ते स्वतः उठतात. बैठक पुढून मागे २३ इंच खोल आहे, आणि हे मी आधी दोषच समजत होते, कारण टेकून बसलं की माझे पाय लोंबतात. पण आबा त्याच्यावर मांडी घालून पेपर वाचतात, आणि कुणी गावाकडचं आलं तर तेही चप्पल काढून वर मांडी घालूनच बसतं. नव्या अरुंद सोफ्यावर असं जमत नव्हतं. घरात कोण कसं बसतं ते बघून, टेप सोबत नेऊनच जा.

कापडाचा माझा हट्ट हिमरूचा, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सुती-रेशमी नक्षीदार कापडाचा होता. आपल्या मराठवाड्याची वीण आपल्या घरात, असं फार मनात होतं. चाचांनी तुकडा उलटा करून दाखवला: मागे रेशमाचे धागे मोकळे सुटलेले असतात. चुका मारून ताणलं की ते ओढले जातात, आणि रोजच्या घासण्याने वरची वीण झिजते. मग बैठकीला आणि पाठीला नांदेडहून आणलेली जाड खादी घेतली, फिक्या गव्हाळ रंगाची. हिमरूचे दोन लोड शिवले, आतून मांजरपाटाचं अस्तर लावून, ते फक्त टेकायला. खादी मे महिन्यात अंगाला चिकटत नाही, त्या वेलवेटवर दुपारी बसवत नव्हतं. मळते मात्र पटकन, फुफाटा तिच्यात बसतो. आठवड्याला व्हॅक्यूम लागतोच, आणि हातांवर मी वेगळे रुमाल टाकते.

पॉलिश लाखेचं आहे. लाखेवर गरम चहाचा कप ठेवला की पांढरी कडी उमटते, आणि कूलरच्या झोतासमोर सोफा ठेवला तर ओलाव्याने पांढुरके चट्टे येतात. आमच्याकडे दोन्ही झालं. स्पिरिटमध्ये किंचित ओलं केलेलं फडकं हलक्या हाताने एकदाच फिरवलं की ते जातं, जास्त घासलं तर पॉलिशच निघतं. कूलर आता खिडकीच्या दुसऱ्या बाजूला नेलाय.

पुन्हा घ्यायचा झाला तर मी फाटक्या कापडाचा आणि घट्ट चौकटीचा घेईन, आणि नव्या वेलवेटवाल्यासाठी दुकानदाराने लावलेले जादा पैसे कारागिराला देईन. पुढच्या आठवड्यात चाचा दुसऱ्या खुर्चीचा तो हलक्या लाकडाचा पाय काढून सागाचा बसवणार आहेत. आबांनी गावाकडच्या घराच्या जुन्या चौकटीतला एक तुकडा त्यासाठी काढून ठेवलाय.