घरघंटी, आठ महिन्यांनंतर : दळण उत्तम, दार मात्र भांडून मिळवलं

एक एचपीची मोटर, जाळ्या, पिठाचा डबा हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून देते. मला दाराबद्दल सांगायचंय.

आम्ही साताऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. ऑनलाइन मागवलेली घरघंटी घेऊन टेम्पो आला तेव्हा ड्रायव्हर एकटाच होता. चाळीसेक किलोचं खोकं त्याच्या हातून निसटलं आणि कोपऱ्यावर आपटलं. आवाज मी गॅलरीतून ऐकला, तरी खोकं न उघडता ओटीपी देऊन टाकला. तिथेच चुकले.

आत दाराची वरची बिजागरी वाकलेली आणि दार बोटभर फाकलेलं. दार नीट लागलं नाही की सेफ्टी स्विच दबत नाही आणि मोटर मधेच बंद पडते. चेंबरमध्ये ज्वारी अडकायची, ती उपसायची, मग परत चालू करायचं. शेवटी परकराच्या नाडीने दार आवळून दळायला लागले. फटीतून पीठ उडून ओट्यावर, फ्रिजवर थर बसायचा. दोन किलोच्या दळणातलं वाटीभर पीठ फडक्यात गेलं की जीव जळायचा.

तक्रार केली तर विक्रेता म्हणे कुरियरला विचारा, कुरियरवाले म्हणाले ओटीपी दिलात म्हणजे माल नीट मिळाला. मग पाचशे रुपयांचं कूपन देऊ केलं. मी नाही घेतलं. मला दार हवं होतं.

भाच्याने सांगितलं म्हणून २०२० चे ई-कॉमर्स नियम वाचले. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं, असं त्यात स्पष्ट आहे. माझ्या तक्रारीला नऊ दिवस झाले होते, पोचसुद्धा नव्हती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावला. बाई मराठीत बोलल्या, तक्रार क्रमांक मिळाला. चेपलेल्या कोपऱ्याचा, लेबलचा आणि फाकलेल्या दाराचा फोटो जोडला. नशीब, खोकं रद्दीत दिलं नव्हतं. अकराव्या दिवशी माणूस आला आणि नवं दार, बिजागरी फुकट बसवून गेला.

तेव्हापासून मत बदललं. भाजणी, नाचणी, बेसन, सगळं मनासारखं निघतं. गिरणीत मागच्याच्या मिरच्यांचा ठसका आपल्या गव्हात यायचा, तो त्रास संपला. आवाज मोठा आहे, दुपारी शेजारच्या काकूंची झोप मोडते म्हणून सकाळीच दळते.

आधी दिलेल्या एका ताऱ्याचे आता चार केलेत. पाचवा राखलाय, कारण इतकं जड धूड पोचवायला एकाच माणसाला धाडतात. त्या दिवशी त्याचा पाय खाली सापडला असता. तक्रारीत मी ड्रायव्हरचं नाव घातलं नाही, दोन माणसं पाठवा एवढं लिहिलं. त्याला उत्तर अजून आलेलं नाही.